हँडलवरची पट्टी

दोन हजार बावीस साल. दिवाळी होऊन गेली होती, सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागली होती, आणि जळकोटला हायवेच्या कडेला असलेल्या रसूलच्या सायकल दुकानासमोर आण्णासाहेबांची अर्पिता रडकुंडीला येऊन उभी होती.

"चाचा कुठंयत?"

"आत हायत. मला सांग की," रसूलची बायको खातूनबी म्हणाली.

अर्पितानं सायकल पुढं केली. सायकल रेसची, सोलापूरहून कुणाचीतरी वापरलेली आणलेली, मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या हँडलची. त्या हँडलवरच्या पट्टीच्या चिंध्या झाल्या होत्या. आतल्या ब्रेकच्या वायरींच्या काळ्या नळ्या बाहेर येऊन लोंबत होत्या.

"कुणी केलं हे?"

"वासरानं. रात्री गोठ्यात लावली होती. घामाचं मीठ लागतं ना पट्टीला, चघळत बसलं रात्रभर. परवा रविवारी धाराशिवला रेसच्या संघाची निवड आहे, चाची. सोलापूरचा माणूस म्हणतो आठ दिवस लागतील."

शेजारच्या टपरीवर चहा करणारी नागम्मा गाळणी हातात घेऊनच पुढं आली. तिनं हँडलकडं बघितलं आणि पोरीकडं बघितलं. "अव्वा, वासराला वैरण टाकत न्हाईत का गं तुमी?"

अर्पिताला हसावं की रडावं कळेना. खातूनबीनं सायकल हातात घेतली.

"ठेव. संध्याकाळी ये."

"चाचा करतील?"

"ठेव म्हणलं ना."

पोरगी गेल्यावर नागम्मा म्हणाली, "तुला येतंय का हे?"

"बांधायचंच तर हाय. मी तेरखेड्याची."

खातूनबीचं बोलणं अगदीच पोकळ नव्हतं. तेरखेड्यात तिचं बालपण फटाक्यांच्या कामात गेलं होतं. दारू भरायचं काम मोठी माणसं करत. पोरींकडं सुतळी गुंडाळायचं काम असे. बसल्या जागी, गुडघ्यावर ठेवून, वेढ्याला वेढा भिडवून, घट्ट. मेस्त्री येऊन नखानं वेढा उचकटून बघायचा. नख शिरलं की तो गोळा परत अंगावर. ढिल्ला बांधलेला बॉम्ब फुसका जातो, हे तिला अक्षरओळखीच्या आधी कळलं होतं. लग्न होऊन जळकोटला आली तरी हाताची सवय गेली नाही. तिनं बांधलेला खराटा झिजून संपायचा पण सुटायचा नाही. तिनं बांधलेल्या डब्याची फडक्याची गाठ रसूल दुकानात पान्यानं सोडायचा, असं नागम्मा साऱ्या गल्लीला सांगे.

आणि रसूल? त्या काळची माणसं अजून सांगतील. हायवे एकपदरी होता, तासाच्या भाड्यानं सायकली मिळत, तेव्हापासूनचं ते दुकान. सणाच्या दिवशी पोरं रांग लावून उभी राहत, लहान सायकलीसाठी भांडत. मग घरोघरी मोटारसायकली आल्या, भाड्याच्या सायकली भंगारात गेल्या, पण रसूलचं दुकान चालू राहिलं. तरुणपणी तो सोलापूरला एका उस्तादाच्या हाताखाली रेसच्या सायकली शिकला होता. नळदुर्ग, अणदूर, उमरग्यापर्यंत कुणाकडं तसली सायकल असली तर ती त्याच्याकडंच येई.

त्या वर्षी रमजानच्या शेवटी त्याला अर्धांगाचा झटका आला. चेहरा सावरला, जीभ सावरली, पाय काठीच्या आधारानं चालू लागला. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला, दुसऱ्या कुणाचा आणून ठेवल्यासारखा. तेव्हापासून रसूल दुकानामागच्या खोलीत पलंगावर भिंतीकडं तोंड करून बसे. गिऱ्हाईक हाक मारी, तो ओ देत नसे. खातूनबी हवा भरायची, पंक्चर काढायची, चेन बसवायची. बाकीचं काम परत जायचं.

पुण्यात नोकरी करणाऱ्या अल्ताफनं मग ठरवून टाकलं. मुलगा वाईट नव्हता. दर दोन दिवसांनी फोन करायचा, गोळ्यांची नावं पाठ होती त्याला. म्हणाला, दुकान आपल्या गावातल्या इरशादला देऊ, तो मोबाईलचं टाकतोय, आणि तुम्ही दोघं माझ्याकडं या. तिसरा मजला आहे, लिफ्ट आहे. रसूल म्हणाला, "दे." एवढंच. शनिवारी इरशादला घेऊन अल्ताफ दुकान बघायला येणार होता.

खातूनबीला दुकान द्यायचं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर नवरा दुसऱ्या एका भिंतीकडं तोंड करून बसेल आणि मग कधीच वळणार नाही, ही तिची भीती होती. पण नुसत्या पंक्चरवर दुकान चालवून दाखवता येत नाही, हेही तिला कळत होतं. म्हणून तिनं ती सायकल ठेवून घेतली होती. हे काम झालं, तर उद्या अल्ताफला सांगायला तोंड होतं.

ती आतल्या दारात जाऊन उभी राहिली.

"ऐकलं का जी? आण्णासाहेबाच्या पोरीची रेसची सायकल आलीय. हँडल बांधायचंय."

"वापस दे."

"परवा तिची निवड हाय."

"मग सोलापूरला जा म्हणावं," रसूल भिंतीला म्हणाला.

तिनं दुकानात येऊन बाज ओढली आणि कामाला बसली. चिंध्या सोलून काढल्या. जुना चिकटा रॉकेलच्या बोळ्यानं पुसला. रसूल हे करताना तिनं पुष्कळदा बघितलं होतं. नळ्या हँडलला धरून बसवायच्या, काळ्या चिकटपट्टीनं जागच्या जागी बांधायच्या आणि मग वरून जाड पट्टी गुंडाळत आणायची. कपाटात त्यानं जपून ठेवलेली निळी पट्टी होती, तीच तिनं काढली.

नळ्या हँडलवर धरल्या, तशी तिची बोटं एकदम दहा वर्षांची झाली. ब्रेकपासून निघून हँडलच्या पुढं मोठा वळसा घेऊन नळ्या खाली सायकलच्या दांडीकडं जात होत्या. तो लोंबणारा वळसा तिला गबाळा वाटला. तिनं तो ओढून घेतला, हँडलच्या मधल्या भागापर्यंत नळी ताणून बसवली आणि चिकटपट्टी वेढ्याला वेढा भिडवून या टोकापासून त्या टोकापर्यंत आवळली. नख घालून बघितलं. शिरलं नाही. वरून निळी पट्टी चढवली. झालं तेव्हा हँडल असं दिसत होतं की नागम्मानं हात पुसून त्यावरून बोट फिरवलं.

"दुकानातून नवं आणल्यावानी झालं गं."

खातूनबीनं सायकल ढकलत आतल्या दारापर्यंत नेली. "बघा तरी."

रसूलनं मान वळवली. बराच वेळ बघितल्यासारखं केलं. "चांगलं दिसतंय," म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडं वळला.

तेवढ्यावरही ती खूश झाली. किती दिवसांनी तो एखाद्या सायकलबद्दल काही बोलला होता. संध्याकाळी अर्पिता आली, हँडल बघून खातूनबीच्या गळ्यात पडली आणि सायकल घेऊन गेली.

शनिवारी सकाळी, नागम्माची पहिली चहाची किटली रिकामी व्हायच्या आत, आण्णासाहेबांची जीप दुकानासमोर थांबली. मागं सायकल आडवी टाकलेली होती. पुढं अर्पिता बसली होती. कोपराला रुमाल, गुडघ्यावर हळद.

आण्णासाहेब खाली उतरले. मोठे शेतकरी, बोलणं हळू, पण त्या दिवशी कान लाल झाले होते.

"रसूलभाई कुठं हायत?"

"आत हायत. काय झालं, आण्णासाहेब?"

"सरावाला निघाली. हायवेवरनं गावात वळताना हँडल अर्ध्यावर अडलं अन् मागचा ब्रेक आपोआप लागला. पडली. मागं ट्रक असता तर?" त्यांनी सायकल खाली उतरवली, हँडल धरून वळवून दाखवलं. थोडं वळलं आणि थांबलं. मागच्या चाकाला ब्रेक चिकटला. "हे कुणी बांधलं?"

खातूनबी हँडलपाशी वाकली. तिला दिसत होतं. ताणलेली नळी. काल तिनं ओढून घेतलेला वळसा.

"म्या बांधलं," ती म्हणाली.

"तुम्ही?" आण्णासाहेबांनी हँडल सोडून दिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. नागम्मानं टपरीचा स्टोव्ह बारीक केला.

"अप्पा, राहू द्या ना," अर्पिता जीपमधून म्हणाली. "चाचींनी मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम केलं म्हणतो मी कुठं? पण येत नसलं तर सांगायचं, येत न्हाय म्हणून."

तेवढ्यात आतून काठी टेकल्याचा आवाज आला. एक काठी, एक पाय, मग फरफटत येणारा दुसरा पाय. रसूल दारात आला. दाढी वाढलेली, बंडीची गुंडी चुकीच्या काजात लागलेली. त्यानं आण्णासाहेबांकडं बघितलं नाही, बायकोकडंही बघितलं नाही. तो सरळ सायकलपाशी गेला, काठी भिंतीला टेकवली आणि डाव्या हातानं हँडल धरून फिरवलं. एकदा डावीकडं. एकदा उजवीकडं. ब्रेक कुरकुरला.

"आण्णासाहेब, बांधणं तिचं होतं," तो म्हणाला. "बघणं माझं होतं. ह्या दुकानातून हँडल दोन्ही बाजूला फिरवून बघितल्याबिगर म्या आजवर सायकल सोडली न्हाय. पोरांची तीनचाकी सुद्धा न्हाय. काल तिनं दारापर्यंत आणून दाखवली. मी बसल्या जागी चांगलं म्हणालो. उठलो न्हाय."

"तुमचा हात..."

"हँडल फिरवायला डावा पुरतो. आत्ता फिरवलंच की."

हायवेवरून उसाचा एक ट्रॅक्टर गाणं वाजवत गेला.

"दुपारपर्यंत देतो," रसूल म्हणाला. "पोरीला इथंच ठेवा. तिच्याबिगर व्हायचं न्हाय. अन् नागम्मा, त्या गुडघ्याला हळद कुणी लावली? धुवून काढ आधी, औषध लाव."

आण्णासाहेबांनी जीपचं दार उघडलं. मग अर्पिताला हात देऊन खाली उतरवलं आणि, "मी बाजार करून येतो," म्हणून जीप घेऊन गेले.

खातूनबीनं रसूलला स्टूल दिलं. तो सायकलच्या डाव्या अंगाला बसला, ती उजव्या अंगाला. तिनं आपल्याच हाताचं बांधकाम सोडायला घेतलं, तर ते सुटेना. ब्लेड लावून, नळीला चीर जाणार नाही अशा बेतानं, पट्टी कापत कापत काढावी लागली.

"काय हे," रसूल म्हणाला. "सायकल बांधली का चोर बांधला?"

"बोला, बोला."

"ही कशाला इतकी? पट्टी तीन जागी लावायची. नळी हलू नये एवढ्यापुरती. बाकीचं काम वरची पट्टी करते. अन् हा वळसा कुठं गेला इथला?"

"गबाळा दिसत होता."

"तोच तर पाहिजे. हँडल वळलं की नळीला जायला जागा लागती. तू जागाच ठेवली न्हाय. सोड तो. आणखी सोड. अगं सोड ना, बाई."

"सुटंना माझ्या हातनं," खातूनबी म्हणाली, आणि ते खरं होतं. नळी सैल सोडून वर पट्टी लावायची म्हणजे तिच्या बोटांना पाप केल्यासारखं वाटत होतं. तिनं सैल सोडली की बोटं आपोआप मागं घेत. रसूलनं हँडल सोडलं, डाव्या हाताचा अंगठा वळशात घातला आणि तसाच धरून बसला.

"आता ओढ. माझा अंगठा आवळला तर मी ओरडतो."

ती पट्टी लावू लागली. एकदा तो ओरडला. दुसऱ्यांदा शिवी दिली, दखनीतली, लांबलचक, तिच्या माहेरच्या सगळ्या गावाला घेऊन. टपरीवरून नागम्मा म्हणाली, "ऐकलं गं अर्पिता? चाचा बरा झाला."

मग त्यानं अर्पिताला सायकलवर बसवलं. खातूनबीनं मागून सायकल धरली. "डोळे मीट," रसूल म्हणाला. "जशी रेसमदी धरतीस तशी धर. नळी बोटाला कुठं बोचती का?"

"इथं. अंगठ्याच्या खाली."

"खातून, तेवढी पुढच्या अंगाला सरकव. हँडलला खाच हाय, तिच्यात बसंल. आता?"

"आता नाही."

"आता हँडल फिरव. पूर्ण. भिऊ नको, पडलीस तर चाचीच्या अंगावर पडशील."

अर्पितानं हँडल फिरवलं. डावीकडं, उजवीकडं. पुढचा वळसा उघडला, मिटला. ब्रेक गप्प राहिला.

वरची निळी पट्टी चढवायला घेतली आणि तिथंही अडलं. खालच्या टोकापासून सुरू करून वर यायचं, हे खातूनबीला जमलं. पण उजव्या बाजूला जशी गुंडाळली तशीच तिनं डाव्या बाजूला गुंडाळायला घेतली. सुतळी एकाच दिशेनं गुंडाळायची असते, जन्मभर.

"उलटं," रसूल म्हणाला. "दोन्ही हात बाहेरच्या बाजूला पिळतात. दोन्हीकडं एकच दिशा घेतलीस तर एका अंगाची पट्टी रेस संपायच्या आत सुटंल."

"माझा हात उलटा फिरत न्हाय हो."

"तर मग तू फिर. इकडून बस, माझ्या जागी."

तो काठी घेऊन उठला. दोघांनी जागा बदलल्या. त्या बाजूनं बसल्यावर हात सरळ चालला.

नेमकं त्याच वेळी अल्ताफ आला. सोबत इरशाद, खिशात मोजायचा टेप. अल्ताफ दुकानाच्या पायरीवरच थांबला. त्याचे अब्बा स्टुलावर बसून हँडलच्या टोकाशी डोळा नेऊन बघत होते, अम्मी तोंडात चिकटपट्टीचा तुकडा धरून एका हातानं सायकल सावरत होती, आणि गुडघ्याला पट्टी बांधलेली एक मुलगी डोळे मिटून सायकलवर बसली होती.

"सलाम आलेकुम," इरशाद म्हणाला.

"वालेकुम सलाम. ये. बस," रसूल म्हणाला. "टेप खिशात राहू दे जरा. अल्ताफ, मागचं चाक धर, तुझ्या अम्मीचा हात दुखायलाय."

अल्ताफनं बॅग खाली ठेवली आणि चाक धरलं.

काम संपायला दुपार झाली. आण्णासाहेब आले. रसूलनं त्यांच्यासमोर हँडल दोन्हीकडं फिरवलं, मग त्यांना फिरवायला लावलं. आण्णासाहेबांनी फिरवलं. "वहिनी, सकाळी जरा जास्त बोललो," एवढं म्हणाले आणि नागम्माचा चहा उभ्याउभ्या घेऊन पोरीला घेऊन गेले.

रसूल आत जाऊन झोपला, दमून. पलंगावर पडला तेव्हा तोंड दाराकडं होतं. अल्ताफ आईजवळ पायरीवर बसला.

"अम्मी, हे किती दिवस चालंल? तू बांधणार, ते बसून सांगणार. एखाद्या दिवशी ते पण होणार न्हाय."

"तेव्हा बघू."

"मी काय तुमच्या वाईटासाठी म्हणालो का?"

"न्हाय रे. तू चांगलंच म्हणालास. तुझ्या घरी लिफ्ट हाय, दवाखाना जवळ हाय, सगळं खरं." ती बोटांना चिकटलेला चिकटा काढत होती. "रमजानपासून तुझ्या अब्बानं मला एक शिवी दिली न्हाय, अल्ताफ. आज माझ्या माहेरचं एक माणूस सोडलं न्हाय त्यांनी. आता तू मला सांग, मी पुण्याला कशी येऊ?"

अल्ताफ हसला, मग त्याचा चेहरा हसता हसता वाकडा झाला. तो उठून इरशादकडं गेला.

इरशादनं मोबाईलचं दुकान नागम्माच्या टपरीपलीकडं टाकलं. ते चांगलं चालतं. कुणाची रेसची सायकल रसूलच्या दुकानात आली की तो तिचा फोटो काढून कुठं कुठं पाठवतो, त्यामुळं तुळजापूर, लोहाऱ्यापर्यंतून पोरं येऊ लागली. अर्पिताची निवड त्या रविवारी झाली नाही. ती मधल्या घोळक्यात कुठंतरी आली. पुढच्या वर्षी झाली. आता ती छत्रपती संभाजीनगरला खेळाचं शिक्षण घेते आणि सुट्टीत येते तेव्हा आधी दुकानात थांबते, मग घरी जाते. आण्णासाहेबांनी गोठ्याला दार करून घेतलं. अल्ताफ ईदला येतो, येताना पट्ट्यांचे डबे आणतो, वेगवेगळ्या रंगांचे.

रसूल आणखी दोन थंड्या त्या स्टुलावर बसला. उजवा हात शेवटपर्यंत हलला नाही. तिसऱ्या थंडीत, जुम्म्याच्या दिवशी, नमाजहून आला, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत गेला.

खातूनबी इद्दतीला बसली. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषाच्या समोर यायचं नाही. अल्ताफ म्हणाला, तेवढे दिवस दुकान बंद ठेवू. ती म्हणाली, "बाहेर जायला मनाई हाय, कामाला कुठं हाय?" तेव्हा नागम्मानं काय केलं, तर आपलं एक जुनं इरकली लुगडं दुकान आणि खोलीच्या मधल्या दारात आडवं बांधलं. सकाळी शटर तीच उघडायची. टपरी सांभाळत गिऱ्हाइकाला विचारायची, सायकल लुगड्यापाशी लावायची आणि आत सांगायची, काय बिघडलंय ते.

अणदूरचा एक मास्तर आपल्या लेकीची सायकल घेऊन आला होता, तो सांगतो. दुकानात माणूस दिसेना. नागम्मा म्हणाली, हँडल लुगड्याखालून आत द्या. त्यानं सायकल वाकवून हँडल आत सरकवलं. लुगडं थोडं वर झालं आणि आतून दोन हात पुढं आले, म्हातारे, बांगड्या उतरवलेले. त्या हातांनी हँडल हळूच मांडीवर घेतलं.

"तासाभरानं या, मास्तर," आतून आवाज आला.

मास्तर पायरीवर बसून राहिला. नागम्मानं त्याला चहा दिला. आत चिकटपट्टी रिळावरून सुटल्याचा आवाज येत होता.